करार राजधानीत, भांडण बांधावर

जुलै २००३. घानाची राजधानी अक्रा. लायबेरियातली यादवी थांबवण्यासाठी सुरू झालेली बोलणी दीड महिना उलटला तरी संपत नव्हती. वाटाघाटीला आलेले गटांचे म्होरके चांगल्या हॉटेलांत उतरले होते आणि तिकडे लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात, तोफगोळे लोकांच्या घरांवर पडत होते. एके दिवशी पांढरे टी-शर्ट घातलेल्या लायबेरियन बायका बैठकीच्या दालनाबाहेर आल्या, हातात हात अडकवून दारातच फरशीवर बसल्या आणि त्यांनी आत निरोप धाडला, की करार होईपर्यंत कुणालाही बाहेर पडू देणार नाही. सुरक्षारक्षक त्यांच्या पुढारी लेमा बोवी यांना पकडायला आले, तेव्हा बोवी यांनी तिथेच अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली. आईसारख्या बाईला उघडं बघायची वेळ येणं हा त्या मुलखात मोठा शाप मानतात. रक्षक मागे सरले. मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल अब्दुलसलामी अबुबकर. ते स्वतः बाहेर आले, बायकांशी बोलले. १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या.

हा प्रसंग सांगितला जातो तो स्त्रियांच्या धैर्याची गोष्ट म्हणून, आणि ती आहेच. २०११ साली बोवी यांना शांततेचं नोबेल मिळालं, ते उगाच नाही. पण मला त्या दाराच्या आत आणि बाहेर काय चाललं होतं, यातला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. आत वाटप चाललं होतं. करारात जुन्या सरकारच्या गटाला पाच मंत्रालयं, ‘लर्ड’ या बंडखोर गटाला पाच आणि ‘मॉडेल’ या दुसऱ्या गटाला पाच अशी विभागणी झाली. शिवाय प्रत्येकाला हंगामी विधिमंडळात बारा-बारा जागा. बाहेर बसलेल्या बायकांना यातलं काही नको होतं. त्यांना आपल्या गावी परत जायचं होतं, घरात कुणी दुसरा घुसून बसला असेल तर तो बाहेर निघायला हवा होता, आणि रात्री झोप लागायला हवी होती. यादवीनंतर शांतता उभी करण्याचं जे आंतरराष्ट्रीय काम गेली तीसपस्तीस वर्षं चालू आहे, त्यानं दाराच्या आतल्यांचं नीट ऐकलं. बाहेर बसलेल्यांचं फार उशिरा ऐकलं, आणि अर्धवट ऐकलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. करारानं आणि फौजेनं बंदुका थांबतात. शांतता टिकते ती गावातली भांडणं गावात, माणसं न मारता मिटायला लागली की. यातली सगळ्यांत जास्त भांडणं जमिनीची असतात. त्यामुळे जगानं यादवीतून बाहेर पडणाऱ्या देशात मोजणीदार, दस्तनोंदणी आणि मध्यस्थ पंच यांच्यावर निवडणुकांइतकाच पैसा आणि त्याहून जास्त वर्षं खर्च करायला हवीत. लायबेरिया हे त्याचं चांगलं उदाहरण आहे, कारण तिथे हे काम पुष्कळ अंशी यशस्वी झालं. फसलेल्या ठिकाणांवरून धडे काढणं सोपं असतं. जिथे बरंच काही जमलं, तिथे काय राहून गेलं हे बघणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. अमेरिकेतून परत आलेल्या मुक्त गुलामांनी आणि त्यांच्या वंशजांनी १८४७ साली लायबेरिया हा स्वतंत्र देश घोषित केला आणि पुढची सव्वाशेहून अधिक वर्षं मूळच्या रहिवाशांवर राज्य केलं. १९८० साली सॅम्युएल डो या सार्जंटनं बंड करून ती सत्ता उलथवली आणि स्वतः तितकीच दडपशाही केली. १९८९च्या नाताळच्या आदल्या दिवशी बंडखोर नेता चार्ल्स टेलर शेजारच्या आयव्हरी कोस्टमधून निंबा परगण्यात घुसला आणि यादवी पेटली. मधली दोनतीन वर्षांची उसंत सोडली तर ती २००३पर्यंत चालली. दोन्ही युद्धांत मिळून अडीच लाखांपर्यंत माणसं मेल्याचा अंदाज दिला जातो. ज्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास होती त्या देशात.

मधली ती उसंत विसरता येत नाही. १९९७ साली आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली निवडणूक झाली आणि टेलर सुमारे पंचाहत्तर टक्के मतं घेऊन निवडून आला. तेव्हा रस्त्यावर पोरं घोषणा द्यायची, ‘त्यानं माझ्या आईला मारलं, बापाला मारलं, तरी मत मी त्यालाच देणार.’ लोकांना ठाऊक होतं, की हा हरला तर परत जंगलात जाईल आणि आपण पुन्हा मरू. निरीक्षकांनी मतदान शांततेत पार पडल्याचं सांगितलं, आणि ते खरंच होतं. दोन वर्षांत दुसरी यादवी सुरू झाली. अंगोलातही त्याआधी असंच झालं होतं. १९९२ साली दोन्ही बाजूंच्या फौजा पुरत्या मोडलेल्या नसताना मतदान घेतलं, बंडखोर नेते सव्हिंबी हरले, आणि देश परत दहा वर्षं युद्धात गेला. शस्त्रं हातात असलेल्या माणसाला मतपेटी दाखवली तर तो तिच्याकडे सत्ता मिळवण्याचा एक जादाचा मार्ग म्हणून बघतो.

२००३ नंतर मात्र संयुक्त राष्ट्रांनी चांगलं काम केलं, हे मोकळेपणानं म्हणायला हवं. ‘अनमिल’ नावाच्या मोहिमेला पंधरा हजार सैनिकांची मंजुरी मिळाली. त्या छोट्या देशासाठी ही फौज खरोखर मोठी होती. ती लवकर पळाली नाही, ३० मार्च २०१८पर्यंत, म्हणजे साडेचौदा वर्षं राहिली. या काळात युद्ध परत पेटलं नाही. शांतिसेनेची टिंगल करण्याची आपल्याकडे आणि जगातही सवय आहे. रवांडा आणि बोस्नियातलं स्रेब्रेनिका इथल्या कत्तलींच्या वेळी ती उभी राहून बघत राहिली, हे कुणी विसरणारही नाही. पण एकूण यादवींचा हिशेब मांडणाऱ्या अभ्यासकांत एका गोष्टीवर बरंच एकमत आहे, की शांतिसेना असलेल्या ठिकाणी युद्ध परत पेटण्याची शक्यता बरीच कमी होते. तेव्हा माझी तक्रार फौज नको अशी नाही. फौजेनं मिळवून दिलेल्या वेळेत काय केलं गेलं, याबद्दल आहे.

सुरुवातच बघा. ७ डिसेंबर २००३ रोजी मन्रोव्हियाजवळच्या शीफेलिन छावणीत निःशस्त्रीकरण सुरू झालं. लढवय्ये किती येतील याचा अंदाज चुकला, पैसे कधी आणि किती मिळणार हे कुणाला धड सांगितलेलं नव्हतं. पोरांचे लोंढे आले, गोळीबार झाला, दंगल माजली आणि कार्यक्रम बंद करून पुढच्या एप्रिलमध्ये परत सुरू करावा लागला. आधी अंदाज होता सुमारे अडतीस हजार लढवय्यांचा. नोंद झाली एक लाखाहून जास्त माणसांची. जमा झालेली हत्यारं मात्र अठ्ठावीस हजारांच्या घरात. प्रत्येकाला दोन हप्त्यांत तीनशे डॉलर दिले. ज्यांनी कधी बंदूक धरली नव्हती असे कितीतरी जण या रांगेत उभे होते आणि बंदूक धरलेल्या बऱ्याच मुलींना त्यांच्या कमांडरनी रांगेत येऊच दिलं नाही. तरीही हत्यारं कमी झाली, हे खरं. पुढचा प्रश्न होता, की तीनशे डॉलर संपल्यावर ही पोरं जाणार कुठे?

ती रबराच्या मळ्यांवर गेली. गथ्री नावाचा मोठा मळा माजी लढवय्यांनी ताब्यात घेतला आणि २००६च्या ऑगस्टपर्यंत ते तिथला चीक काढून विकत होते. सरकार आणि शांतिसेना मिळून मळा परत घ्यायला करारानंतर तीन वर्षं लागली. आणि ऑक्टोबर २००४ मध्ये, निःशस्त्रीकरण संपत आलेलं असताना, मन्रोव्हियात दंगल उसळली. मशिदी जळाल्या, चर्च जळाली, माणसं मेली, संचारबंदी लागली. जगभरच्या बातम्यांत ती ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान दंगल ठरली. ठिणगी पडली होती ती शहराच्या कडेच्या पेन्सव्हिल भागात, जमिनीच्या एका वादातून.

आता निंबा परगण्यात जाऊ, जिथून युद्ध सुरू झालं. तिथलं गांटा हे गिनीच्या सीमेवरचं व्यापारी गाव. गिओ आणि मानो हे तिथले जुने शेतकरी समाज, आणि मांडिंगो हे बहुतेक मुसलमान, व्यापारउदिमातले. युद्धात गिओ-मानो पोरं टेलरच्या बाजूला गेली, मांडिंगोंवर डोचे हस्तक असल्याचा शिक्का बसला, आणि त्यांची वस्तीच्या वस्ती सीमा ओलांडून पळाली. पुढे त्यांच्यातल्याच अनेकांनी हत्यार उचललं. करारानंतर कुटुंबं परत आली तेव्हा त्यांच्या प्लॉटवर दुसऱ्याचं घर उभं होतं, दुकानाच्या जागी दुसऱ्याचं दुकान होतं. घरात बसलेला माणूस म्हणे, आम्ही या गावासाठी रक्त सांडलं, तुम्ही पळून गेलात, आता ही जागा आमची. परत आलेला म्हणे, माझ्या बापानं ही जागा विकत घेतली होती, दस्त होता, तो जळाला. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते. राष्ट्राध्यक्ष एलन जॉन्सन सर्लीफ यांनी २००६ साली यासाठी खास समिती नेमली, पण गांटातला तणाव पुढे अनेक वर्षं निवला नाही.

दस्ताचीही एक गोष्ट आहे. लायबेरियात खासगी मालकीचे दस्त मुख्यतः किनाऱ्यावरच्या वसाहतवाल्यांच्या वंशजांकडे. आतल्या प्रदेशात जमीन कुळाची आणि गावाची, वहिवाटीनं चालत आलेली. हद्द कशावरून ओळखायची? तिथे ‘सोप ट्री’ म्हणतात ते झाड हद्दीवर लावायची पद्धत आहे. जुन्या दस्तांतही अमुक सोप ट्रीपासून सुरुवात असं लिहिलेलं सापडतं. युद्धात गावं ओस पडली, झाडं तोडली गेली किंवा जंगलात हरवली, झाडं कुणी लावली हे सांगणारे म्हातारे मेले. राजधानीतल्या दप्तरांची नासधूस झाली. खोटे दस्त तयार झाले, एकच जमीन दोघांतिघांना विकली गेली. चौदा वर्षांच्या युद्धानं देशाची आठवणच पुसून टाकली होती.

ज्याच्या घरात एक तरी सातबारा आहे त्याला हे जास्त समजावून सांगावं लागू नये. माझ्या आजोळी दोन चुलत घरांत एका बांधावरून बोलणं बंद होतं. नांगरटीला दर वर्षी वीतभर बांध कोरला जायचा. भांडण पिढीच्या पिढी चाललं, कोर्टात गेलं, डोकी फुटली. पण तलाठ्याकडे नोंद होती, मोजणी मागवता येत होती, तालुक्याला दावा लावता येत होता, आणि पारावर बसून समजूत काढणारी चार माणसं होती. त्यामुळे भांडण भांडणच राहिलं. ही सगळी सोय काढून घ्या, दोन्ही घरांत बंदूक चालवलेली तरणी पोरं ठेवा, आणि दोन घरं दोन वेगवेगळ्या जमातींची करा. मग त्या वीतभर बांधाला काय किंमत पडेल, याचा अंदाज येईल.

आंतरराष्ट्रीय यंत्रणेला हा बांध दिसत का नाही? तिथली माणसं वाईट असतात म्हणून नव्हे. त्यांतली बरीच मन लावून काम करतात. पण ती राजधानीत राहतात, वर्षा-दोन वर्षांनी बदलून दुसऱ्या देशात जातात, आणि त्यांना सुरक्षा परिषदेला ठरावीक मुदतीनं अहवाल द्यायचा असतो. निवडणूक झाली, इतके पोलीस शिकवून तयार केले, संसदेनं अमुक कायदा केला, हे अहवालात लिहिता येतं. अमुक गावातल्या दोन कुळांनी पावसाळ्यात चार बैठका घेऊन पाचव्या बैठकीत हद्द ठरवली, हे त्यात बसत नाही. देणगीदार देशांच्या पैशाची मुदत दोनतीन वर्षांची असते आणि जमिनीच्या वादाची पिढ्यांची. लायबेरियात लष्कर मुळापासून नव्यानं उभारलं गेलं, तेही एका अमेरिकी खासगी कंपनीकडून, सुमारे दोन हजार सैनिकांचं. जमिनीसाठीचा आयोग स्थापन झाला २००९ साली. करारानंतर सहा वर्षांनी. जमीन प्राधिकरण २०१६ साली. आणि गावांच्या वहिवाटीच्या जमिनीला मालकीचा दर्जा देणारा कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये, शांतिसेना निघून गेल्यावर सहा महिन्यांनी.

या उशिराची किंमत लोकांनी मोजली. शांतता आली तसे गुंतवणूकदार आले. सरकारकडे पैसा नव्हता, सल्लागार सांगत होते की रोजगार हवा, निर्यात हवी. लायबेरियाला याची जुनी सवय आहे. १९२६ साली फायरस्टोन कंपनीला दहा लाख एकर जमीन नव्व्याण्णव वर्षांसाठी एकरी सहा सेंट भाड्यानं देण्याचा करार झाला होता. २००९ साली सरकारनं सायम डार्बी या मलेशियाच्या कंपनीला रबर आणि पामतेलासाठी दोन लाख वीस हजार हेक्टरांचा करार त्रेसष्ट वर्षांसाठी दिला. नकाशावर ती सरकारी जमीन होती. प्रत्यक्षात तिच्यावर गावं होती, शेतं होती, पूर्वजांच्या कबरी होत्या. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, कामं अडवली, काही ठिकाणी हाणामारीपर्यंत गोष्ट गेली. एक लाख माजी लढवय्ये असलेल्या देशात गावाच्या पायाखालची जमीन कागदावर काढून घेणं, यासारखा धोकादायक खेळ दुसरा नसेल. राज्याची सत्ता पुन्हा प्रस्थापित करणं हे शांतता मोहिमांचं आवडतं ध्येय. ती प्रस्थापित झालेली सत्ता पहिलं काम काय करते, हेही मोहिमेनं बघायला हवं होतं.

सत्तेचाच विषय आहे तर आणखी एक. लायबेरियात २००५पासून राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुका नियमानं झाल्या. २०१८ साली सर्लीफ यांच्याकडून जॉर्ज वेया यांच्याकडे सत्ता गेली. १९४४ नंतर एका निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाकडून दुसऱ्याकडे सत्ता शांततेत जाण्याची ही पहिलीच वेळ होती. २०२३ साली वेया अगदी थोडक्या मतांनी हरले आणि अंतिम निकाल जाहीर होण्याआधीच त्यांनी जोसेफ बोआकाई यांना फोन करून हार मान्य केली. मी ती बातमी वाचली तेव्हा खरोखर भरून आलं. कारण याच देशानं १९९० साली एका राष्ट्राध्यक्षाचा, सॅम्युएल डो यांचा, छळ करून केलेला खून चित्रफितीवर पाहिला होता. पण याच लायबेरियात नगरपालिकांच्या निवडणुका १९८५ नंतर झालेल्या नाहीत. पंधरा परगण्यांचे प्रमुख राष्ट्राध्यक्षच नेमतात. गावच्या माणसाला सहा वर्षांतून एकदा देशाचा प्रमुख निवडता येतो, पण आपल्या जमिनीच्या हद्दीवर ज्याचा शब्द चालणार तो अधिकारी निवडता येत नाही. बोस्नियातही १९९५च्या डेटन करारानं वरच्या मजल्यावर तीन समाजांचे तीन अध्यक्ष बसवले आणि खाली काही गावांत आजही एकाच इमारतीत दोन शाळा भरतात, मुलं वेगवेगळ्या दारांनी आत जातात.

मग खालचं काम करता येतं का? येतं, आणि त्याचा पुरावाही लायबेरियातच आहे. एका अभ्यासात २४६ गावांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी ८६ गावं निवडून तिथल्या लोकांना वाद कसा बोलून मिटवायचा याचं प्रशिक्षण देण्यात आलं. दुसऱ्याचं म्हणणं पुरं ऐकून घेणं, राग आवरणं, तडजोड मांडणं, पंचांकडे कधी जायचं ते ठरवणं, अशा साध्या गोष्टी. गावातल्या प्रौढांपैकी जेमतेम पंधरा टक्के लोक त्यात बसले. वर्षभरानं बाकीच्या गावांशी ताडून पाहिलं तेव्हा या गावांत जमिनीचे वाद जास्त मिटलेले होते आणि हिंसा कमी होती. ज्यांनी प्रशिक्षण घेतलं नव्हतं त्यांच्यातही फरक दिसला. निःशस्त्रीकरणात माणशी वाटलेले तीनशे डॉलर आठवून बघा आणि याचा खर्च किती कमी असेल ते मनाशी ठरवा. युद्धानंतर बायकांनी चालवलेल्या ‘पीस हट’ या शांतिकुट्याही असंच काम करतात. अक्राच्या दारात बसलेल्या चळवळीचाच हा पुढचा संसार आहे. नवराबायकोचं, शेजाऱ्यांचं, शेताचं भांडण तिथे मांडायचं आणि बायका पंच होऊन ते सोडवतात.

त्याच अभ्यासात एक अवघड गोष्टही निघाली. प्रशिक्षण झालेल्या गावांत कायद्याबाहेर जाऊन शिक्षा देण्याचे प्रकार वाढलेले दिसले. गावाला एकत्र येऊन निर्णय घ्यायची ताकद आली की ती ताकद एखाद्या दुबळ्यावरही चालते. म्हणून ‘गावातलं गावात मिटवा’ हे वाक्य मी भाबडेपणानं म्हणत नाही. लायबेरियातल्या तरुणांनी बंदूक का उचलली याच्या उत्तरात गावच्या म्हाताऱ्यांचाही वाटा आहे. जमीन त्यांच्या हातात, लग्न ठरवणं त्यांच्या हातात, दंड ठोठावणं त्यांच्या हातात. पोराला गावात काही मिळण्याची आशाच नव्हती. विधवेला नवऱ्याच्या जमिनीवरून हाकलणारेही गावचेच पंच असतात. आपल्याकडच्या जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या कहाण्या आपण वाचलेल्या आहेत. म्हणून गावच्या पंचांवर वरून कायद्याचा हात हवा, अपील करता यायला हवं, पंचांत बायका आणि तरुण असायला हवेत. हे उभं करायला बाहेरच्यांची मदत खरी लागते, आणि ती पंधरा-वीस वर्षं लागते.

कुणी म्हणेल, बड्या गुन्हेगारांना मोकळं सोडून बांधाच्या गोष्टी कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे, त्याला माझ्याकडे पळवाट नाही. टेलरला २०१२ साली पन्नास वर्षांची शिक्षा झाली, पण ती शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियातल्या युद्धगुन्ह्यांबद्दल लायबेरियाच्या कोर्टात आजवर कुणावरही खटला चाललेला नाही. सत्यशोधन आयोगानं २००९ साली अहवाल दिला, तो धूळ खात पडला. डो यांचा छळ चालू असताना समोर बसून बीअर पिणारा प्रिन्स जॉन्सन निंबातून सिनेटर म्हणून निवडून येत राहिला आणि २०२४ साली सिनेटर असतानाच मेला. मे २०२४ मध्ये बोआकाई यांनी युद्धगुन्ह्यांसाठीच्या विशेष न्यायालयाची तयारी करणारं कार्यालय स्थापण्याच्या आदेशावर सही केली. ते न्यायालय व्हायलाच हवं. निंबातला मतदार जॉन्सनला मत देत होता, कारण त्याला वाटे की हा माणूस आहे तोवर आपली जागा कुणी घेणार नाही. हद्दीची खात्री सरकारी कागद देत नसेल, तर लोक ती बंदूकवाल्याकडून घेतात. माझ्या मते न्यायालय आणि मोजणी ही एकाच कामाची दोन टोकं आहेत.

सरकारवरचा विश्वास ही शांततेची किती मोठी ठेव असते, हे २०१४ साली इबोलानं दाखवलं. ऑगस्टमध्ये सरकारनं मन्रोव्हियातली वेस्ट पॉइंट ही दाटीवाटीची झोपडपट्टी काटेरी तारा लावून बंद केली. लोक चिडले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, पंधरा वर्षांचा एक मुलगा मेला. अकरा वर्षांची शांतता, नवं लष्कर, नवे पोलीस, आणि वस्तीला वाटलं की सरकार आपल्याला मारायलाच आलंय. दहा दिवसांत तारा काढाव्या लागल्या. साथ आटोक्यात आली, त्यात वस्त्यांतल्याच माणसांनी घरोघर जाऊन केलेल्या कामाचा मोठा वाटा होता. लोकांनी दार उघडलं ते ओळखीच्या माणसाला. लायबेरियात अठ्ठेचाळीसशेहून अधिक माणसं इबोलानं गेली.

आता आपल्याबद्दल. जानेवारी २००७ मध्ये भारतानं लायबेरियात शंभराहून जास्त महिला पोलिसांची तुकडी पाठवली. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या या बायका. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली ही पहिलीच सर्व-महिला तुकडी. नऊ वर्षं, तुकडीमागून तुकडी जात राहिली. त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा दिला, रात्रीची गस्त घातली. त्यांना पाहून लायबेरियन मुली पोलिसात भरती होऊ लागल्या, असं सर्लीफ यांनीही कौतुकानं सांगितलं होतं. याचा अभिमान वाटावा असंच हे काम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत आजवर दोन लाखांहून जास्त भारतीयांनी काम केलंय आणि दीडशेहून अधिक जणांनी तिथे जीव दिलाय.

पण आपण जगाला देतो ते जवान आणि पोलीस. आपल्याकडे दुसरं एक भांडार आहे, ते आपण फारसं देऊ केलेलं नाही. साखळी ओढून आणि आता यंत्रं लावून रानात मोजणी करणारी भूमी अभिलेख खात्यातली माणसं. फेरफार, वारसनोंद, कुळकायदा, वहिवाट, सामाईक गायरान यांत हयात घालवलेले निवृत्त तहसीलदार. महाराष्ट्रात २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत कुठे खरी समेट झाली आणि कुठे बक्षिसासाठी कागद रंगवले गेले, हे जवळून पाहिलेली माणसं. युरोपातून आलेल्या सल्लागाराला वहिवाट म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागतं, आपल्या मंडल अधिकाऱ्याला ते शिकवावं लागत नाही. आपल्या चुकाही त्यांना उपयोगी पडतील. सक्तीनं भूसंपादन केल्यावर काय होतं, धरणग्रस्तांना पर्यायी जमिनीसाठी पिढी-दोन पिढ्या वाट पाहावी लागली की काय होतं, हे आपण भोगलेलं आहे. भारत सरकारचा १९६४पासून चालणारा ‘आयटेक’ हा प्रशिक्षण कार्यक्रम आहेच. त्यातून लायबेरियाच्या, दक्षिण सुदानच्या, नेपाळच्या माणसांना इथे बोलावता येईल आणि आपली माणसं तिकडे पाठवता येतील. नेपाळ तर उंबऱ्यावर आहे. तिथला शांतता करार २००६ सालचा, युद्धातल्या अन्यायाच्या साठ हजारांहून जास्त तक्रारी आयोगाकडे दाखल झाल्या, आणि लोक अजून वाट बघताहेत.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण पैसा आटतोय. अमेरिकेनं २०२५ साली आपली ‘यूएसएड’ ही मदतसंस्थाच मोडीत काढली. लायबेरियासारख्या देशाला त्याचा फटका फार मोठा आहे. शांतिसेनेच्या मोहिमा एकामागून एक बंद होताहेत, मालीतली २०२३ अखेर गुंडाळली गेली. पुढच्या काळात पंधरा हजारांच्या फौजा कुणी पाठवणार नाही. थोड्या पैशात, थोड्या माणसांनी, पण पुष्कळ वर्षं करायचं काम तेवढं उरेल.

२०१८च्या कायद्यानं लायबेरियातल्या गावाला आपल्या जमिनीची मालकी मिळू शकते. त्याची रीत अशी. गावानं आधी आपण कोण हे ठरवून नोंदवायचं. मग कारभाराचे नियम करायचे, आणि व्यवस्थापन समितीत बायकांना व तरुणांना घ्यायचं. मग शेजारच्या गावाला बोलावून दोघांनी मिळून हद्दीवरून चालत जायचं. चालताना भांडण निघतं, माणसं थांबतात, म्हातारी माणसं आठवून सांगतात, एखाद दिवशी नुसतं परत फिरावं लागतं. जिथे एकमत होतं तिथे दोन्ही गावं मिळून सोप ट्रीचं रोप लावतात. शेवटी सरकारी मोजणीदारानं येऊन हद्द कायम करायची आणि दस्त द्यायचा. अनेक गावांची गाडी या शेवटच्या पायरीशी अडली आहे, कारण मोजणीला पैसा लागतो आणि मोजणीदार पुरेसे नाहीत. रोपं लावून झाली आहेत, पावसाळे जाताहेत, झाडं वाढताहेत, आणि गावं मोजणीदाराची वाट बघताहेत.